ताईसाठी उंच ठिपके

छापखान्यात तिला सगळे चुकाबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठीमागे म्हटलेलंही तिच्या कानावर जायचंच, आणि खरं सांगायचं तर तिला ते नाव मनातून आवडायचं. अंधांसाठी पुस्तकं काढणारा तो छापखाना. तिथं शाईचं काम नव्हतं, सगळा कारभार उठावाच्या ठिपक्यांचा. एक ठिपका इकडचा तिकडे झाला की अक्षर बदलतं, आणि असा भरकटलेला ठिपका तिच्या बोटांच्या तावडीतून कधी सुटला नाही. ती स्वतः लहानपणी तापात डोळे गमावून बसलेली. नव्या पुस्तकाचं प्रत्येक पान पहिल्यांदा निघालं की तिच्या टेबलावर जायचं, ती त्यावरून दोन्ही हात फिरवायची, आणि ती ‘चालेल’ म्हणाली तरच पुढच्या प्रती निघायच्या.

तिचा धाकटा भाऊ तिथंच यंत्रावर होता. त्याचे केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी ती त्याला चारचौघांत बाळ्या अशीच हाक मारायची. तो नुसता ‘ओ’ द्यायचा. आई गेली तेव्हा तो एवढासा होता आणि त्याला वाढवलं ते या बहिणीनं, न बघता. भात शिजला की नाही ते ती वासावरून ओळखायची आणि हा खोटं बोलतोय की नाही ते आवाजावरून. त्यामुळे खोटं बोलायची सवय त्याला लागलीच नाही. पुढे ती सवय उपयोगी पडली असती, पण ते नंतरचं.

त्याचं यंत्र दिसायला अगदीच गरीब. खाली पत्र्याचा ओटा, त्याला बारीक बारीक भोकं, आणि भोकांखाली हवा खेचणारा पंप. ओट्यावर मूळ पान ठेवायचं, म्हणजे जाड कागद, ज्यावर ठिपके आधीच उठवलेले असतात. त्याच्यावर प्लास्टिकची पातळ शीट घालायची आणि चारी कडा चौकटीनं दाबून टाकायच्या, कुठूनही हवा शिरता कामा नये. मग वरून हीटर ओढून आणायचा. शीट आधी सुरकुतते, मग ताणून सपाट होते, मग मऊ पडून जराशी ढिली होते. ती वेळ नेमकी साधायची आणि पंपाचा खटका ओढायचा. खालची हवा निघून गेली की वरची हवा शीटला दाबून बसवते आणि कागदावरचा ठिपका न् ठिपका प्लास्टिकवर उमटतो. गार होऊ द्यायचं, अलगद सोडवायचं, कडा कापायच्या, झालं पान. घाई केली तर ठिपके बसके येतात, रेंगाळलं तर शीट करपते. एवढं सांगून कुणालाही यंत्रावर उभं करता येतं, आणि तसं उभं केलेला माणूस पहिले काही दिवस नुसता कचरा काढतो.

बाळ्यानंही काढला होता. नकाशाच्या मूळ पानावर दोरा चिकटवून नदी करायची, खरखरीत कागद लावून वाळवंट करायचं, आणि उंचसखल भागाच्या कडेला सुईनं भोकं पाडायची म्हणजे तिथली हवाही निघून जाते. एकदा तो भोकं पाडायला विसरला. हवा अडकली आणि प्लास्टिक फुगलं. ताईनं पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “बाळ्या, नदीच्या मधोमध हा डोंगर कुठून आणलास? आणलाच आहेस तर आता धरण पण बांधून टाक.” सगळं खातं हसलं. तिनं त्याला तेव्हाच आणखी एक गोष्ट बजावली होती, की मूळ पानावरच्या उंचवट्याच्या बाजू उतरत्या हव्यात, सरळ उभ्या नकोत. प्लास्टिक गार होताना आवळतं आणि सरळ उभ्या बाजूला गच्च धरून बसतं. मग ओढून काढावं तर फाटतं. त्यानंतर नोकरीभर त्यानं हा नियम कधी मोडला नाही.

दोघं सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायची. तिचं लग्न कुणी जमवलं नाही आणि त्यानं स्वतःचं जमू दिलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, “घरात एक बाई बोलणारी आहे, दुसरी कुठं ठेवू?” संध्याकाळी जेवण आटोपलं की ती खिडकीपाशी मांडीवर पुस्तक घेऊन बसायची. दिवसभर तेच केलेलं असायचं, तरी घरी येऊन पुन्हा तेच. तिची बोटं ओळीवरून चालायची, मधेच थांबायची, आणि ती एकटीच हसायची. “काय गं?” त्यानं विचारलं की म्हणायची, “स्वतः वाच.” त्याला ठिपके डोळ्यांनी वाचता यायचे, तिनंच शिकवले होते. पण डोळ्यांनी वाचणं म्हणजे चोरून बघणं, असं तिचं ठाम मत होतं.

आणि मग पानं परत येऊ लागली. अंधशाळेच्या बाई एक गठ्ठा घेऊन स्वतः आल्या. गणिताच्या पुस्तकात एका पानावर ओळच्या ओळ बसकी होती, मुलांना लागतच नव्हती. बाळ्यानं कान पकडून माफी मागितली आणि हीटरची तार बदलली. काही दिवसांनी दुसरा गठ्ठा आला. या वेळी आकडाच चुकीचा होता, म्हणजे मूळ पानातच घोळ, आणि असला घोळ पकडणं हे ताईचं काम. व्यवस्थापक काही बोलले नाहीत. बाळ्याही बोलला नाही. यंत्र म्हातारं झालंय, असं तो स्वतःला सांगत राहिला. यंत्राला दोष दिला की बरं असतं, ते उलटून बोलत नाही.

खरं काय ते त्याला कळलं एका साध्या सकाळी. त्यानं नव्या पुस्तकाची पहिली शीट काढली होती आणि चौकट नुकतीच उचलून बाजूला टेकवली होती. ती धातूची चौकट हीटरखालून निघाली की फडकं घेतल्याशिवाय कुणी धरत नाही. ताई पान न्यायला आली आणि तिनं हात ठेवला तो पानावर नाही, चौकटीवर. ठेवला आणि तसाच राहू दिला. तिची बोटं त्या तापलेल्या पट्टीवरून सावकाश सरकत होती. ती म्हणाली, “बाळ्या, आज काहीच उमटलेलं नाही रे.”

त्यानं तिचा हात ओढला. बोटांची टोकं लाल झाली होती, एका ठिकाणी कातडं पांढरं पडलं होतं. तिला काही जाणवलंच नव्हतं. “ओरडतोस काय?” ती म्हणाली. आपण ओरडलो हे त्याला तेव्हा समजलं.

डॉक्टरांनी तपासायला वेळ घेतला, सांगायला घेतला नाही. “यांची साखर बरीच वर्षं वाढलेली असणार. पायाच्या बोटांपासून सुरू होतं, मग हाताची बोटं. नसा मरतात.”

“परत येतील?” बाळ्यानं विचारलं.

“साखर आवरलीत तर जे आहे ते राहील. गेलेलं येत नाही.”

 घरचा जिना चढून आल्यावर ती कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “मला आधी वाटायचं, तुझं यंत्र बिघडलंय. ठिपके बसके येतायत. मग घरची जुनी पुस्तकं काढली, तीही बसकी. तेव्हा कळलं.”

“आणि छापखान्यात?”

“अंदाजानं. शब्दाचं सुरुवातीचं अक्षर लागायचं, पुढचं मी लावून घ्यायची. पोरांच्या पुस्तकांना मी अंदाजानं ‘चालेल’ म्हणत गेले, बाळ्या.” त्यानं तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. ती त्या दिवशीही रडली नाही, पण रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला हाराबिराचा देखावा न करता घरी बसू दिलं आणि तिच्या टेबलावर एक तरुण मुलगी आणली. ती निघाली तेव्हा ते म्हणाले, “ताई, आता सगळं फोनवर ऐकता येतं. हवं ते पुस्तक.” ती म्हणाली, “ऐकते की. दुसऱ्यानं चावून दिलेला घासही पोटात जातोच.” त्यांना ते लागलं असणार. बाळ्यानं घरी फोन लावून दिला तेव्हा तिनं एक गोष्ट शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, “हा माणूस मला थांबूच देत नाही. मला जिथं थांबायचं असतं, तिथं हा पुढे निघून जातो.” बाळ्या म्हणाला, “मग मी वाचतो, तू म्हणशील तिथं थांबतो.” त्यावर तिनं मान वळवली. तिला कुणी वाचून दाखवायला नकोच होतं. तिला वाचायचं होतं. डोळे गेल्यापासून जगात तिच्या एकटीच्या मालकीची अशी तेवढीच जागा होती आणि तिथं जायचं दार आता बंद होत होतं. तिनं एकदाच तोंड उघडून मागितलं, “बाळ्या, मला उंच ठिपके काढून दे.”

तिनं त्याच्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. तो कामाला लागला.

नुसतं जास्त तापवून ठिपका उंच होत नाही, मूळच उंच हवं. त्यानं जाड पुठ्ठा घेतला आणि पाठीमागून बारीक खिळे, म्हणजे चुका, ठोकायला सुरुवात केली, टोकं वर काढून, ती कानशीनं बोथट करून, अक्षर लावत लावत. एका पानाला त्याची सगळी सुट्टी जायची. व्यवस्थापकांनी काम संपल्यावर यंत्र वापरायला हरकत घेतली नाही. पहिली शीट निघाली तेव्हा ठिपके तांदळाच्या दाण्यासारखे उभे होते. त्यानं ती तशीच बगलेत मारली आणि घर गाठलं.

ताईनं बोट ठेवलं. तिचा चेहरा आधी आक्रसला, मग सैल झाला. “लागतंय,” ती म्हणाली. “बाळ्या, लागतंय रे.”

त्या संध्याकाळी तिनं अर्धं पान वाचलं. शेळीला शिकवायला निघालेल्या एका कंजूष म्हाताऱ्याची ती गमतीची गोष्ट होती, तिची लहानपणापासूनची आवडती. शेळी म्हाताऱ्याचं पागोटं खाते तिथं ती हसली. बाळ्या स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसला, घासलेलीच.

पण चूक तिथंच झाली होती आणि ती त्याला ठाऊकही होती. चुका म्हणजे सरळ उभ्या बाजू. प्लास्टिक गार होताना त्यांना आवळून धरायचं, आणि सोडवताना काही ठिपक्यांची टोकं तडकायची. तडकलेल्या टोकाला धार येते, नखानं चाचपलं की कळते. जेवढे दिसायचे तेवढे तो पॉलिश पेपरनं घासून काढायचा. सगळे कुठले दिसणार? पुढे पुढे तर त्यानं घासणंही कमी केलं. टोचलं तर टोचू दे, निदान तिला कळेल तरी, असं त्याच्या मनानं घेतलं. मेलेल्या बोटांना धारेचं काय भय! एका माणसानं आपल्या बहिणीविषयी असा विचार केला, आणि तो मायेपोटी केला, हे मान्य करायला जड जातं, पण तसं घडलं.

तिच्या बाजूला वेगळंच चाललं होतं. उंच ठिपके बोटांना थोडे दिवसच लागले. मग तेही विरघळल्यासारखे झाले. बाळ्या सुट्ट्यांमागून सुट्ट्या ठाकठोक करत होता. त्याच्या अंगठ्याचं नख ठेचलं होतं, ते तिनं त्याच्या कण्हण्यावरून ओळखलं होतं. त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुझी मेहनत फुकट गेली? तेव्हा तिनं दुसरा मार्ग काढला. तो कामावर गेला की दाराला कडी लावायची, पान दोन्ही हातांत धरायचं आणि खालचा ओठ ओळीवरून फिरवायचा. ओठाला सगळं कळायचं. एकेक ठिपका सुटा, स्वच्छ. संध्याकाळी तो आला की ती बोटं फिरवून दाखवायची आणि दुपारी वाचलेलं बोलून टाकायची. एका मोठ्या बाईनं पुस्तकाला तोंड लावून बसायचं, ही लाज तिला भावापुढेही सोसवली नसती.

ओठाला फोड दिसला तेव्हा ती म्हणाली, “तोंड आलंय. उष्णता.” त्यानं तिला गार दूध दिलं. तोंड बरं होईना, तेव्हा जेवण पातळ केलं, तिखट बंद केलं. आणि तिला बरं वाटावं म्हणून नवं पान काढलं, अजून उंच.

एका दुपारी छापखान्यातली वीज गेली आणि सगळ्यांना लवकर सोडलं. कडी आतून होती, पण ती नीट बसत नसे, ढकलली की उघडायची. ताई खिडकीपाशी पान तोंडाशी धरून बसली होती. पुढं झुकलेली मान इकडून तिकडे सावकाश सरकत होती, ओळ संपली की परत पहिल्या जागी येत होती. हनुवटीवर रक्त होतं. पानावरही होतं, ठिपक्यांच्या मधून पसरलेलं. तिला पावलं ऐकू आली, पण तिनं ती ओळ पुरी केली आणि मगच पान खाली ठेवलं.

“किती दिवस?” त्यानं विचारलं.

“पहिल्या महिन्यापासून.”

“मग बोलली का नाहीस? ओठाला साधे ठिपके पुरले असते, ताई! छापखान्यातलं कुठलंही पान पुरलं असतं. हे मी तुझ्या बोटांसाठी केले होते. यांची टोकं फाटतात गं. मला माहीत होतं फाटतात.”

तिनं हाताच्या पाठीनं हनुवटी पुसली. मग म्हणाली, “तू एवढं ठोकत होतास.” आणि थोड्या वेळानं, “तुला माहीत होतं, तर तू तरी का नाही बोललास?”

 एकमेकांचं मन राखण्याच्या नादात दोघांनी मिळून तिचा वाचता ओठ कापून काढला होता.

त्यानं सगळी उंच पानं बांधून टाकून दिली आणि छापखान्यातून साधी पानं आणली, ठिपक्यांना गोल, गुळगुळीत टोकं असलेली. ती ओठ बरा होईपर्यंत थांबायला तयार होती. पण साखरेचा आजार असलेल्या माणसाची जखम स्वतःच्या लहरीनं भरते, आणि ही भरायच्या ऐवजी चिघळली. ताप आला, गाल सुजला, दवाखान्यात न्यावं लागलं. सर्जनांनी ओठाचा आतून बराच भाग काढला. ती घरी आली तेव्हा खालचा ओठ ओढल्यासारखा झाला होता, ‘प’ आणि ‘ब’ म्हणताना हवा सुटायची. बाळ्या म्हणताना तिला जपून म्हणावं लागायचं. वरच्या ओठाला ओळ कधी नीट लागलीच नव्हती. जीभ उरली होती, पण ते तिनंच मोडीत काढलं. “मी काय मांजर आहे पान चाटायला?” ती म्हणाली, आणि त्यानं हसून दाखवलं, कारण ती तेवढ्यासाठीच बोलली होती.

तो पुन्हा यंत्रावर जाऊ लागला. टेबलावरची मुलगी हुशार होती, चुका धरायची, त्याला काका म्हणायची. त्याला तिच्याकडे बघवत नसे. शीट ढिली पडायची, तो खटका ओढायचा, ठिपके उमटायचे, आणि हे आपण कुणासाठी करतो आहोत ते त्याला दर वेळी आठवून काढावं लागायचं.

टाके सुकले, डॉक्टरांनी पुन्हा चावून खायला परवानगी दिली. त्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं एक शीट काढली. घाई केली नाही, रेंगाळला नाही. इतकं देखणं पान त्याच्या हातून फार दिवसांत उतरलं नव्हतं. शेळीच्या गोष्टीचं पहिलं पान. घरी येऊन त्यानं ते तिच्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसला.

तिनं आधी बोटं फिरवली, पहिल्या ओळीपासून खालपर्यंत. मग पान उचललं. भाऊ समोर आहे हे तिला माहीत होतं, पण या वेळी तिनं लाज धरली नाही. ओठ टेकवला, डावीकडून उजवीकडे नेला. पुन्हा नेला. मधे थांबून ओठाची दुसरी बाजू लावून पाहिली. बाहेर कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. तिनं पान खाली घेतलं, कडा हातानं सारख्या केल्या, कामावर करायची तशा.

“बाळ्या,” ती म्हणाली, “ही शीट कोरीच आणलीस रे.”

खिडकीतला उजेड पानावर आडवा पडला होता. ओळी भरगच्च होत्या, ठिपक्या ठिपक्याची सावली दिसत होती.

“हो ताई,” तो म्हणाला. “चुकून कोरी आली.”

“लक्ष नसतं तुझं कामात.”

“नसतं खरं.”

तिनं पान त्याच्याकडे धरलं. त्यानं ते घेतलं.